हिमदंश : कुत्र्याचा आणि त्याला फिरवणाऱ्याचा

दिवाळी मागे पडली की आमच्या दवाखान्यात एका ठराविक प्रकारची मंडळी येऊ लागतात. वय साठीच्या पुढे, हातात औषधांची जुनी चिठ्ठी आणि विनंती एकच : "डॉक्टर, सहा महिन्यांची औषधे लिहून द्या, मुलाकडे चाललो आहोत." मुलगा किंवा मुलगी शिकागोला, मिनेसोटाला नाहीतर कॅनडात टोरांटोला. खरे म्हणजे तिकडे उन्हाळ्यात जावे. पण सुनेचे बाळंतपण काही ऋतू पाहून येत नाही, आणि मग ज्यांनी आयुष्यात दहा अंशांखालची थंडी पाहिलेली नाही ते ऐन डिसेंबरात बर्फाच्या मुलखात उतरतात.

अलीकडे या मंडळींच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलाने तिकडे कुत्रा पाळलेला असतो. दोघेही नोकरीला जातात आणि दुपारी कुत्र्याला बाहेर फिरवून आणण्याचे काम ओघानेच आजोबांकडे किंवा आजींकडे येते. "बर्फात त्याला काही होत नाही ना? त्याच्या अंगावर केस असतात म्हणा!" असे एका निवृत्त शिक्षिकेने मला विचारले. मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याला कोणते औषध किती द्यावे हे पशुवैद्याने सांगायचे. परंतु थंडीने मांस गोठते ते माणसाचे आणि कुत्र्याचे एकाच रीतीने. म्हणून आजचा लेख या विषयावर.

अंगावर केस असतात हे खरे, पण सगळ्यांच्या अंगावर सारखे नसतात. सायबेरियन हस्की, मालाम्यूट, सामॉयेड या जातींना दुहेरी केस असतात. आत लोकरीसारखा मऊ थर आणि त्यावर लांब राठ केसांचा दुसरा थर. हे कुत्रे बर्फात शेपटीत नाक खुपसून झोपतात. (हीच हस्की आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात हौसेने पाळणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे. तिथे प्रश्न उलटा, उष्माघाताचा असतो.) पण बॉक्सर, डॉबरमन, ग्रेहाउंड, पग, चिवावा यांचे केस आखूड आणि पातळ. काही हौशी मंडळींनी इकडचा गावठी कुत्रा विमानाने तिकडे नेला आहे, त्याचीही गत तीच. शिवाय रात्रंदिवस उबदार घरात राहणाऱ्या कुत्र्याच्या शरीराला थंडीची सवयच झालेली नसते. पिल्ले, म्हातारे कुत्रे, अगदी लहान चणीचे आणि मधुमेह, हृदयविकार किंवा थायरॉइडचा विकार असलेले कुत्रे तर आणखी नाजूक.

आता थंडीत शरीरात काय घडते ते पाहू. शरीराला सर्वांत महत्त्वाचे काय, तर मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंडे. बाहेर फार थंडी पडली की शरीर कातडीच्या आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते आणि गरम रक्त मधल्या भागात राखून ठेवते. दुष्काळात गावाला पाणी कमी पडले की टोकाच्या वस्तीचा नळ आधी बंद होतो, तसाच हा प्रकार. टोकाला रक्त पोचेनासे झाले की तो भाग गार पडतो, आणि शून्य अंशाच्या थोडे खाली गेल्यावर तिथल्या पेशींच्या भोवतीच्या पाण्याचे बर्फाचे कण होऊ लागतात. हे कण पेशींमधले पाणी ओढून घेतात आणि पेशी सुकून मरतात. यालाच हिमदंश म्हणतात. गोष्ट इथेच संपत नाही. भाग पुन्हा ऊब धरू लागला की इजा झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, सूज येते आणि जो भाग वाचलासा वाटत होता त्यातलाही काही मरतो. पहिल्या दिवशी साधी दिसणारी जखम चौथ्या दिवशी काळी पडते ती यामुळेच.

कुत्र्याच्या शरीराची टोके कोणती? कानांची टोके, शेपटीचे टोक, पायांची बोटे, नराचा अंडकोश आणि मादीचे सड. इथे केस विरळ असतात किंवा नसतातच. पंजाखालच्या गाद्यांची मात्र गंमत आहे. त्या उघड्या बर्फावर टेकलेल्या असूनही सहसा लवकर गोठत नाहीत. त्यांत चरबी भरपूर असते. शिवाय जपानमधील संशोधकांनी कुत्र्याच्या पंजांतील रक्तवाहिन्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला तेव्हा असे आढळले, की पंजाकडे जाणारी रोहिणी आणि तिकडून परत येणाऱ्या नीलांचे जाळे एकमेकांना अगदी खेटून असतात. खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला ऊब देते आणि शरीराची उष्णता जमिनीत वाया जात नाही. पेंग्विनच्या पायांतही अशीच सोय असते. पण ही सोय म्हणजे अभयपत्र नव्हे. पंजा ओला झाला, बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे गोळे अडकले किंवा गादीला भेग पडली की ती अपुरी पडते.

कुत्र्यांच्या हिमदंशाची एक हकीकत आम्हा डॉक्टर मंडळींना विशेष जवळची वाटावी अशी आहे. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी मुलांमध्ये घटसर्पाची साथ आली. गावात डॉ. कर्टिस वेल्च हे एकच डॉक्टर आणि त्यांच्याजवळची घटसर्पाची लस-रक्तद्रव्ये मुदत उलटलेली. समुद्र गोठलेला, रेल्वे नेनाना गावापर्यंतच. तिथून पुढचे ६७४ मैल, म्हणजे सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर, वीस गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी बर्फावरच्या घसरगाड्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत तोडले आणि औषध पोचवले. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बसला. परंतु या प्रवासातले चार्ली इव्हान्स आणि चार्ली ओल्सन हे दोन गाडीवान फारसे कोणाला ठाऊक नसतात. इव्हान्सच्या वाट्याला शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपासची थंडी आली. त्याच्या गाडीचे पुढचे दोन कुत्रे आखूड केसांचे, संकरित होते. अशा कुत्र्यांच्या जांघेला सशाचे कातडे बांधायची तिकडे रीत होती. ते त्या दिवशी राहून गेले. दोन्ही कुत्रे जांघेत हिमदंश होऊन वाटेत कोसळले आणि मुक्कामाला पोचेपर्यंत मेले. ओल्सनने वादळात थांबून आपल्या कुत्र्यांच्या अंगावर पांघरुणे बांधली, आणि ती बांधताना त्याच्याच हातांना जबर हिमदंश झाला.

हे दोन्ही प्रसंग मुद्दाम सांगितले. पहिल्यातून लक्षात येते की केसाळ पाठीकडे पाहून निश्चिंत राहू नये, जांघेकडे पाहावे. दुसऱ्याबद्दल पुढे बोलू.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधी कधी दवबिंदू गोठतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. तेवढ्याने कोणत्या कुत्र्याला हिमदंश होत नाही. आपल्या रस्त्यांवरची पिल्ले थंडीच्या रात्री दगावतात ती सगळे अंगच गार पडल्यामुळे. म्हणूनच तिकडे गेलेल्या माणसाला थंडीचा अंदाज चुकतो. त्यात अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. तीन आकडे पाठ करून ठेवावेत. ४५ फॅरनहाइट (७ सेल्सियस) च्या वर बहुतेक कुत्र्यांना अडचण नसते. ३२ फॅरनहाइट, म्हणजे शून्य सेल्सियस, याच्या खाली लहान, आखूड केसांच्या, पिल्लू किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला जपावे. आणि २० फॅरनहाइट (उणे ७ सेल्सियस) च्या खाली गेले की कोणत्याही पाळीव कुत्र्याला धोका आहे असे समजून शी-शू पुरतेच बाहेर न्यावे.

पण नुसता पारा पाहून भागत नाही, वाराही पाहावा लागतो. अंगाभोवती आपल्याच उष्णतेने तापलेला हवेचा पातळ थर असतो, तो वारा उडवून नेतो. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे पारा शून्य फॅरनहाइटवर (उणे १८ सेल्सियस) असताना ताशी १५ मैलांचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे १९ फॅरनहाइटसारखी जाणवते आणि माणसाची उघडी कातडी तीस मिनिटांत गोठू शकते. हा हिशेब माणसाच्या चेहऱ्याचा आहे, तरी कुत्र्याच्या कानालाही तो मार्गदर्शक ठरावा. तिसरा शत्रू ओल. पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने उष्णता खेचून घेते. कोरड्या बर्फात अर्धा तास बागडणारा कुत्रा आणि डबक्यात पाय भिजवून पाच मिनिटे उभा असलेला कुत्रा, यांत दुसऱ्याची काळजी मला जास्त वाटेल.

कुत्रा बाहेर बांधून घरात विसरून जाणे हा तर गुन्हाच समजावा, आणि काही ठिकाणी तो खरोखरच गुन्हा आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१७ च्या कायद्याप्रमाणे पारा ३२ फॅरनहाइटच्या खाली असताना कुत्र्याला बाहेर तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवता येत नाही. आपल्या अंगणात साखळीला बांधायची सवय असलेल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

फिरायला नेताना आखूड केसांच्या कुत्र्याला पोटाखालून जाणारा, जांघेपर्यंत झाकणारा कोट घालावा. नुसती पाठ झाकणारा शोभेचा कोट कामाचा नाही. कोट भिजला तर लगेच काढावा, कारण ओला कोट नसण्यापेक्षा वाईट. पायांत घालायचे मोज्यांसारखे बूट मिळतात. पहिले दोन दिवस कुत्रा त्यांत सर्कशीतल्यासारखा चालतो, मग सवय होते. बूट घट्ट बांधू नयेत. रक्त अडले की हिमदंशाला आपणच बोलावणे केल्यासारखे होईल. बूट घालूच देत नसेल तर पंजांना साधे पेट्रोलियम जेली चोपडावे आणि बोटांमधले वाढलेले केस कातरावेत, म्हणजे बर्फाचे गोळे धरत नाहीत. अंगावरचे केस मात्र हिवाळ्यात बारीक करू नयेत. कुत्रा चालताना पाय आळीपाळीने उचलू लागला, थांबून कण्हू लागला, घराकडे ओढू लागला, तर त्याचे ऐकावे. "एवढी एक फेरी पुरी करू" असा हट्ट नको.

घरी आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत टिपून कोरडे करावेत. याला आणखी एक कारण आहे. तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ आणि कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार टाकतात. ते पंजांना झोंबतात, भेगांत शिरतात, आणि कुत्रा पाय चाटतो तेव्हा पोटात जाऊन उलट्या होतात. त्याहून भयंकर म्हणजे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालायचे न गोठणारे द्रव. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते, ते चवीला गोड असते आणि गॅरेजमध्ये सांडलेले थोडेसे चाटले तरी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले, त्यातले डायएथिलीन ग्लायकॉल याच कुळातले. कुत्र्याने असे काही चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच घटकेला पशुवैद्याकडे न्यावे. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो.

आता ओल्सनच्या हातांकडे येतो, कारण दोरी धरणाऱ्याची काळजी घेणे हे माझे काम. कुत्र्याला सांभाळता सांभाळता माणूस स्वतःला विसरतो. कोटाची बटणे लावायला, कुत्र्याची विष्ठा पिशवीत उचलायला (ती तिकडे उचलावीच लागते) हातमोजा काढला जातो आणि तसाच खिशात राहतो. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांना गारठा कळतच नाही, म्हणून त्यांनी फार जपावे. तंबाखू आणि विडी-सिगारेट रक्तवाहिन्या आवळतात. बर्फात त्यांचा परिणाम दुप्पट समजा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे हातपाय तसेही गार पडतात. गोळ्या बंद करू नका, मोजे वाढवा. आत पातळ लोकरीचे हातमोजे आणि त्यावर चारही बोटे एकत्र राहतील असे जाड मोजे, ही जोडी उत्तम. कान झाकणारी टोपी हवी. आपली माकडटोपी तिकडे कोणी हसले तरी घालावी, तिच्याइतकी शास्त्रशुद्ध टोपी मी दुसरी पाहिली नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. साठीनंतर बर्फात कुत्रा फिरवणाऱ्या माणसाला हिमदंशापेक्षाही धोका आहे तो खुब्याच्या हाडाचा. खार दिसली की कुत्रा झेप घेतो, पायाखाली काचेसारखा बर्फ, आणि दोरी मनगटाला गुंडाळलेली. दोरी कधीही मनगटाला गुंडाळू नये, हातात धरावी, म्हणजे सोडून देता येते. बुटांना खाली बर्फात रुतणारे दाते लावून मिळतात, ते मुलाकडून आणवून घ्यावेत. कुत्रा मोठा आणि ओढाळ असेल तर मुलाला सरळ सांगावे की हे काम माझ्याने होणार नाही. यात संकोच कसला? आणि कुत्रा गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ फुटून पाण्यात पडला, तर त्याच्यामागे आपण जाऊ नये. काठावरून हाका माराव्यात आणि मदतीला फोन करावा. अशाने कुत्रे पोहून बाहेर आल्याची आणि माणसे बुडाल्याची उदाहरणे आहेत.

हिमदंश ओळखायचा कसा? सुरुवातीला कानाचे किंवा शेपटीचे टोक पांढुरके, राखी किंवा निळसर दिसते, हाताला गार आणि कडक लागते. त्या वेळी दुखत नाही, त्यामुळे कुत्रा तक्रार करत नाही. ऊब आल्यावर भाग लाल होतो, सुजतो आणि तेव्हा सपाटून दुखतो. शांत कुत्राही चावू शकतो. पुढे फोड येतात. काळ्या कातडीच्या आणि दाट केसांच्या कुत्र्यात रंग दिसत नाही, म्हणून घरी आल्यावर दोन्ही कान बोटांत धरून पाहायची सवय ठेवावी.

उपचारांत सर्वांत मोठी चूक म्हणजे चोळणे. गोठलेला भाग बर्फानेच चोळावा अशी समजूत अनेक वर्षे वैद्यकातही होती. तिचे मूळ नेपोलियनच्या फौजेतील प्रसिद्ध शल्यचिकित्सक लारे यांच्यापर्यंत जाते. १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत सैनिक रात्री गोठलेले पाय थेट शेकोटीवर धरत, भाजून घेत आणि सकाळी पुन्हा बर्फातून चालत, पाय सडत. लारेंनी निरीक्षण अचूक केले, पण निष्कर्ष काढला की ऊबच वाईट, सबब बर्फाने चोळावे. वाईट होते ते भाजणे आणि पुन्हा गोठणे. १९६० च्या सुमारास अलास्कातील डॉ. विल्यम मिल्स यांनी कोमट पाण्यात लवकर ऊब देण्याची पद्धत रुग्णांवर वापरून दाखवली आणि जुनी समजूत मागे पडली. चोळल्याने आतले बर्फाचे कण कातडी आतून ओरबाडतात, हे लक्षात ठेवले की पुरे.

कुत्रा हुडहुडी भरून सुस्त झाला असेल, किंवा कुडकुडणे थांबून डोळे मिटू लागला असेल, तर आधी कान-शेपटीचा विचार सोडावा. अंगच गार पडत चालले आहे. त्याला उबदार खोलीत घ्यावे, कोरडे करावे, घोंगडीत गुंडाळावे, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये लपेटून छातीपोटाशी ठेवाव्यात आणि पशुवैद्याला फोन करावा. तो हुशार असेल तर गोठलेला पाय किंवा शेपटी ३७ ते ३९ अंश सेल्सियसच्या पाण्यात धरावी. थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाच्या आंघोळीला पाहतो तसे कोपर बुडवून पाहावे. वीस-तीस मिनिटे, भाग मऊ आणि गुलाबी होईपर्यंत, मधूनमधून पाणी बदलत. कानावर त्याच पाण्याची घडी ठेवावी. केस वाळवायचे यंत्र, विजेची शेकणी, हीटर, शेकोटी यांना हात लावू नये. बधिर कातडी भाजली तरी कुत्र्याला कळत नाही. मग टिपून कोरडे करावे, सैल कापडाने झाकावे, त्या पायावर चालू देऊ नये. लगेच पुन्हा थंडीतून न्यावे लागणार असेल आणि भाग पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर दवाखान्यात पोचेपर्यंत ऊब न देणेच बरे. वितळून पुन्हा गोठलेला भाग सहसा वाचत नाही.

वेदनेसाठी आपल्या पिशवीतली गोळी देण्याचा मोह होईल. इथून जाताना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनच्या पट्ट्या नेलेल्या असतातच. कुत्र्याला त्या देऊ नका. पॅरासिटामॉलने त्याचे यकृत आणि रक्त बिघडते, आयबुप्रोफेनने पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडांवर घाला येतो. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. वेदनाशामक लागतेच, पण कुत्र्याचे वेगळे, पशुवैद्याने वजन पाहून दिलेले.

किती भाग गेला हे पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. माणसांच्या बाबतीत शल्यचिकित्सकांत एक जुने वचन आहे, की जानेवारीत गोठले तर जुलैत कापा. जंतुसंसर्ग झाला नाही तर मेलेला भाग कोठपर्यंत आहे याची रेषा स्पष्ट होईपर्यंत थांबतात. कुत्र्याच्या कानाचे टोक पुष्कळदा आपोआप सुकून गळून पडते. तोपर्यंत तो भाग त्याने चावू-चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालतात. टोक गेलेला कुत्रा पुढे मजेत जगतो, ऐकूही उत्तम येते. मात्र एकदा गोठलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या राहत नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच कान इतरांच्या आधी गोठतो. अशा कुत्र्याला कान झाकणारी विणलेली टोपी घालतात. ती विणायला ज्या आजी इथून सुया-लोकर घेऊन जातील, त्यांनी हनुवटीखालची नाडी सैल ठेवावी.